वय विचारताना

गंगावेशीत दूधकट्ट्याच्या अलीकडे तिसरं शटर.
दुकान इंगवल्यांचं, परवाना माझ्या नावाचा;
भिंतीवर फ्रेममध्ये मी आहे,
लग्नाआधीच्या आडनावासकट.

काउंटरवर नवी पाटी लागलीय :
अठरा वर्षांच्या आतल्या मुलांना
खोकल्याचे औषध दिले जाणार नाही.
रंगराव पेंटर 'ल्या' खाऊन गेला होता,
मग काकपद देऊन वर बसवला.

दोन वर्षं मीच विकलं.
फुटबॉलचा सीझन आला की जर्सीतली पोरं यायची,
खोकला एकाला, वर्गणी तिघांची.
"मॅडम, मागच्या टायमाची द्या, ती लाल."
एखादा मुद्दाम खोकून दाखवायचा, बाकीचे हसायचे.
मीही हसले असेन.
सुट्टे नसले की उरलेल्या दोन रुपयांचं
चॉकलेट द्यायचे हातात.

मग एका संध्याकाळी राजाक्का मगदूम आली,
धार काढून तशीच, मनगटापर्यंत फेस.
पिशवी काउंटरवर उपडी केली.
अकरा बाटल्या. रिकाम्या. धुतलेल्या.
"हर्षदच्या गादीखाली गावल्या.
शिक्का तुमचाच हाय न्हवं? मोजून घ्या."
ओरडली असती तर मला बरं पडलं असतं.
ही बाई चारचौघांसमोर म्हैस पिळते,
कुणी पाण्याचा संशय घेऊ नये म्हणून.
तिच्या पोराला मी
कागदात गुंडाळून दिलं होतं.

पाटी त्यानंतरची.
मालक म्हणाले, "समोरचा देतोयच की.
आपण न दिल्यानं काय पंचगंगा उलटी वाहणार हाय?"
मी म्हटलं, मग माझी फ्रेम काढून नेते.
तेव्हा कुठं रंगरावला फोन गेला.

पाटीचा पहिला फटका बसला अक्षता सुतारला.
सहावीतली. रात्रीचे साडेनऊ, मुठीत घामेजलेल्या नोटा.
"पप्पांना झोपच लागंना."
मी बोट दाखवलं. तिनं पाटी मोठ्यानं वाचली,
काकपदापाशी अडखळली, परत वाचली.
"पण खोकणारे बेचाळीस वर्षांचे हैत."

निम्मं शटर ओढून मी तिच्याबरोबर गेले.
खोकला बोळाच्या तोंडालाच ऐकू आला.
उद्यमनगरच्या फाउंड्रीत मोल्डिंगला आहे माणूस,
बोलताना छातीत वाळू चाळल्यासारखी.
किती दिवस झाले?
"असंल म्हैना... दीड म्हैना."
बाटली मी पर्समधून काढलीच नाही.
सकाळी सीपीआरला जा, म्हटलं, थुंकी तपासून घ्या.
त्यानं लगेच मान हलवली, म्हणजे जाणार नाही.
पोरगी माझ्या पर्सकडं बघत राहिली.
इतक्या वेळा दिलं मी;
एकदा न देता परतताना
चपलेचा आवाजसुद्धा नको वाटत होता.

आज चारच्या सुमारास हर्षद.
कानामागं केकची क्रीम वाळलेली,
नखांत पेंडीचा चुरा.
मित्र नाहीत. खोकून दाखवणं नाही.
आधार कार्ड काचेवर ठेवलं,
मला वाचता यावं असं फिरवून.
"काल झालो, मॅडम."

मी जन्मतारीख वाचते. बोटांवर मोजते.
तारीख बरोबर आहे.
पाटी तिथंच संपते.

पलीकडं कट्ट्यावर बादलीचा कडा वाजतो,
राजाक्का कुणाला तरी ओरडून सांगतेय, थांबा, आत्ता पिळते.
मी विचारते, कुणासाठी?
तो पाटीकडं बघतो.
मीही.